हाडाचं कॅलेंडर वेगळं असतं

दोह्याहून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर आलं की मेसईद लागतं. जुनी माणसं अजून 'उम्म सईद' म्हणतात. खत, पोलाद, ॲल्युमिनियमचे कारखाने, तेलशुद्धीकरण, बंदर असं हे कामाचं गाव. पलीकडे सीलाइनच्या वाळूच्या टेकड्या आणि समुद्र. आपली मराठी माणसं इथे बरीच आहेत. सोलापूर-सांगलीकडचे फिटर, वेल्डर, कोकणातले राइगर, पुण्या-नाशिकचे इंजिनिअर. मी गेली चौदा वर्षं इथल्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात आहे. अपघात होऊ नये हे आमचं काम. तरी कधीतरी होतोच. कुणी परांचीवरून पडतं, कुणाच्या पायावर पाइप येतो, तर कुणी शुक्रवारच्या सुट्टीत वाळूत एटीव्ही उलटवून घेतं.

अपघातानंतर पहिले आठ दिवस धावपळीत जातात. खरे प्रश्न नंतर सुरू होतात आणि ते बहुतेक गावाकडून फोनवर येतात. "ऑपरेशन झालं ना? रॉड टाकला ना? मग तीन महिने झाले तरी चालत का नाही?" "डॉक्टर म्हणतात दुसरं ऑपरेशन लागेल, म्हणजे पहिलं चुकलं का?" "इकडे आणून हाडवैद्याकडे पट्टी बांधली तर?" हे प्रश्न इतक्या वेळा ऐकले की मी वाचायला लागलो, डॉक्टरांना विचारायला लागलो. मी स्वतः डॉक्टर नाही. पण जबर मार लागल्यावर हाड कसं जुळतं, यावर जगात आणि आपल्या महाराष्ट्रातसुद्धा जे काम झालंय, ते इथल्या आणि तिथल्या दोन्हीकडच्या घरांत माहीत असायला हवं असं वाटतं. म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक गोष्ट. रॉड, प्लेट, स्क्रू यातलं काहीही हाड जोडत नाही. ते फक्त तुकडे जागेवर धरून ठेवतात. हाड जोडतं ते शरीर. हाड मोडलं की तिथल्या रक्तवाहिन्या फाटतात आणि रक्ताची गाठ तयार होते. पूर्वी ती निव्वळ घाण समजली जायची. आता कळलंय की जुळणीची सुरुवात तिथूनच होते. त्या गाठीत पेशी गोळा होतात, मेलेले तुकडे साफ करतात, नव्या पेशींना बोलावतात. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ, कूर्चेसारखा जोड तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जातं आणि तो कडक होतो. एक्स-रेमध्ये हाडाभोवती ढगासारखा फुगवटा दिसतो तो हाच. त्यानंतर शरीर तो फुगवटा हळूहळू तासून पुन्हा मूळ आकारावर आणतं. हे शेवटचं काम वर्षानुवर्षं चालतं.

कातडी कापली तर व्रण राहतो. हाड मात्र नीट जुळलं तर व्रण न ठेवता पुन्हा हाडच होतं. अमेरिकेतले डॉ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की हाडातला कॅल्शियम काढून टाकून उरलेला भाग प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर तिथेसुद्धा नवीन हाड तयार होतं. म्हणजे 'इथे हाड बनवा' असा निरोप देणारं काहीतरी हाडातच असतं. पुढे ती प्रथिनं वेगळी काढली गेली आणि त्यातल्या काहींचा वापर आता ऑपरेशनमध्येही होतो.

मग अडतं कुठे? अडतं ते जबर अपघातात. साधं पडून मनगट मोडणं वेगळं आणि उंचीवरून पडून नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर येणं वेगळं. नडगीला पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नाहीच. हात फिरवून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं. त्यामुळे जखम उघडी पडायला वेळ लागत नाही आणि आजूबाजूचं मांस चिरडलं की हाडाला रक्त पोचवणारी वाटच तुटते. त्यात वाळू, ग्रीस, कपड्याचे धागे आत गेलेले. रक्तपुरवठा नाही आणि जंतू आहेत, अशा ठिकाणी हाड जुळायला नकार देतं.

दोह्यातल्या ट्रॉमा विभागाच्या डॉक्टरांनी कामावर उंचीवरून पडणाऱ्यांचा अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक जण तिशीच्या आसपासचे, दक्षिण आशियातून आलेले कामगार. वाचताना वेगळं असं काही वाटलं नाही, कारण हीच माणसं मी रोज टूलबॉक्स मीटिंगला समोर बघतो. पण तिशीतला माणूस म्हणजे घरचा कमावता हात. गावाकडचं घराचं कर्ज, बहिणीचं लग्न, पोराची फी सगळं त्याच्या दोन पायांवर उभं असतं.

आता दुसऱ्या ऑपरेशनचा प्रश्न. जबर अपघातात बरेचदा पहिल्या दिवशी फक्त जखम धुतात, मेलेलं मांस काढतात आणि बाहेरून सळया लावून हाड तात्पुरतं धरून ठेवतात. रुग्ण स्थिर झाला, सूज उतरली, जखम स्वच्छ झाली की मग पक्कं काम. त्यामुळे दोन-तीन वेळा ऑपरेशनला नेणं हे चुकीचं लक्षण नाही. बऱ्याचदा तीच ठरवलेली पद्धत असते. घरच्यांना हे आधी सांगितलं तर निम्मी भीती जाते.

पाय वाचवायचा की कापायचा, हा त्याहून अवघड प्रश्न. यावर आपल्याच देशात मोलाचं काम झालंय. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नडगीच्या उघड्या, जबर जखमांसाठी गुण देण्याची एक पद्धत तयार केली आणि १०९ जखमांवर तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध केली. कातडीचं किती नुकसान, स्नायू-शिरांचं किती, हाडाचं किती, शिवाय रुग्णाला मधुमेहासारखं आधीचं काही आहे का, असं सगळं मोजायचं. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवण्याचा प्रयत्न करायचा. १७ आणि वर गेली तर बहुधा वाचत नाही. मधल्या गुणांना अनुभवी डॉक्टरांनी रुग्ण बघून ठरवायचं. जगभर आता या गुणांचा उल्लेख होतो. आपल्याकडे रस्त्यावर आणि कारखान्यात अशा जखमा इतक्या येतात की त्यातूनच हे शहाणपण आलं, हे कौतुकाचं म्हणावं की काय ते कळत नाही.

आणि मग येतात ती रिंगवाली माणसं. पायाभोवती धातूची कडी, आरपार गेलेल्या तारा. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही पद्धत काढली सायबेरियातल्या कुर्गान गावच्या डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागात न जुळलेली हाडं घेऊन फिरणारे सैनिक पुष्कळ होते आणि डॉक्टरकडे साधनं तुटपुंजी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कडी आणि ताणलेल्या तारांचा हा सांगाडा तयार केला. पुढे त्यांच्या लक्षात आलं की हाड अलगद कापून दोन टोकं अगदी हळू एकमेकांपासून लांब नेली, तर मधल्या जागेत नवं हाड उगवतं. हळू म्हणजे किती? दिवसाला एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर असं चार वेळा. घाई केली तर हाड बनत नाही आणि फार रेंगाळलं तर वेळेआधीच जुळून बसतं.

बाकी जगाला हे कळायला फार वेळ लागला. सोव्हिएत संघाचा उंच उडीपटू व्हालेरी ब्रुमेल १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात त्याचा पाय चिरडला. कितीतरी ऑपरेशनं होऊनही हाड जुळेना. १९६८ मध्ये इलिझारोव्हांकडे गेल्यावर ते जुळलं आणि तो पुन्हा उडी मारायला लागला. तिकडे इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी जुना मोडलेला पाय घेऊन १९८० मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. तेव्हा इटलीतल्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये इलिझारोव्हांना भाषणाला बोलावलं आणि तिथून ही पद्धत पश्चिमेत पसरली.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं नाव म्हणजे अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी. मुंबई-पुण्यात नाही, विदर्भातल्या अकोल्यात त्यांनी इलिझारोव्ह पद्धतीचं केंद्र उभं केलं. जंतुसंसर्ग झाल्यामुळे न जुळलेल्या नडगीच्या हाडावर त्यांनी २०१७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्समध्ये लेख लिहिला. जिथे जंतूही आहेत आणि हाडाचा तुकडाही गेलाय, अशी ती अवघड प्रकरणं. अशा वेळी आधी मेलेलं, सडलेलं हाड निष्ठुरपणे काढून टाकावं लागतं आणि मग उरलेली पोकळी भरण्यासाठी चांगलं हाड दिवसाला मिलिमीटरने सरकवत न्यावं लागतं. हिशेब करा. पाच सेंटिमीटरची पोकळी म्हणजे नुसतं सरकवायलाच पन्नास दिवस. मग ते नवं हाड घट्ट व्हायला त्याहून जास्त. साधारणपणे एका सेंटिमीटरमागे महिना ते दोन महिने रिंग पायावर राहते.

इथेच आमच्या जतकडच्या एका पोराची गोष्ट सांगतो. नाव नको. परांचीचं काम करायचा. एका साइटवर पडला, उजवी नडगी उघडी पडली. कंत्राटदार कोण, साइट कोणती, ते इथे महत्त्वाचं नाही. उपचार झाले, पण हाडाचा तुकडा गेला होता, शेवटी रिंग लागली. काही आठवडे इथे काढून तो रिंगसकट गावी गेला. तीन महिन्यांनी त्याच्या आईचा मला फोन. "दादा, तुम्ही तरी सांगा डॉक्टरला. पोराच्या पायात लोखंड किती दिस ठेवणार? गावात सगळे म्हणतात, हाड कवाच जुळलंय, काढून टाका." मी म्हटलं, "काकू, त्याचे चार-पाच सेंटिमीटर हाड नव्याने बनतंय. सेंटिमीटरला दीड महिना धरा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे पोटातल्या पोरावानीच की. घाई करून कसं चालंल." इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. रिंग अकरा महिने राहिली. हाड जुळलं. आज तो परांचीवर चढत नाही, जतजवळ एका गोदामात स्टोअर सांभाळतो. थोडा लंगडतो, पण दोन्ही पायांवर चालतो.

त्या अकरा महिन्यांत सगळ्यात कठीण काय होतं विचारलं तर तो म्हणतो, "बिडी सोडणं." आणि संशोधनही तेच सांगतं. अमेरिकेत आठ मोठ्या ट्रॉमा केंद्रांनी मिळून 'लीप' नावाचा अभ्यास केला. त्यात पायाला जबर मार लागलेले ५६९ रुग्ण होते. त्यातल्या नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या २६८ जणांकडे वेगळं बघितलं, तेव्हा दिसलं की सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड जुळण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी, आणि हाडात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता पावणेचार पटीच्या जवळपास. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला तर रक्तच हवं असतं. बिडी असो की तंबाखूची चिमूट, निकोटिन दोन्हीत आहे. कतारमध्ये चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, तरी पुड्या येतातच. पाय मोडलेल्याला भेटायला जाताना गुपचूप पुडी नेणाऱ्या मित्रांनी हे जरूर वाचावं.

'लीप'ने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांची दोन वर्षांनंतरची अवस्था जवळपास सारखीच निघाली. दोन्ही गटांत कामावर परत गेलेले निम्म्याच्या आसपास. मग फरक कशाने पडत होता? शिक्षण, गरिबी, घरच्यांचा आधार, तंबाखू, आणि 'मी यातून उठेन' हा स्वतःवरचा विश्वास. म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या गोष्टी. ज्याचं घर हजारो किलोमीटर लांब आहे, त्याच्या बाबतीत तर हे सगळं आपल्यावरच येतं. खोलीतल्या मित्रांवर, मंडळातल्या लोकांवर आणि फोनवरच्या आवाजावर.

मोठ्या अभ्यासांनी काही महागडे समजही मोडले. उघडी जखम धुवायला जोरदार फवारा हवा, साबण हवा, असं पुष्कळांना वाटायचं. 'फ्लो' नावाच्या अभ्यासात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि भारत या देशांतले २४०० हून जास्त रुग्ण होते. २०१५ मध्ये निकाल आला. फवाऱ्याचा दाब कमी-जास्त असल्याने फरक पडत नाही आणि साबणापेक्षा साधं सलाइनच बरं. साबणाने धुतलेल्यांपैकी १४.८ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, सलाइनवाल्यांपैकी ११.६ टक्क्यांना. म्हणजे छोट्या तालुक्यातल्या दवाखान्यातसुद्धा जे मिळतं, तेच उत्तम. तसंच हाड लवकर जुळावं म्हणून घरी वापरायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र. २०१६ मध्ये नडगीत रॉड टाकलेल्या ५०१ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. असं यंत्र कुणी विकायला आलं तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक इथली खास गोष्ट. ऊन भरपूर, तरी आखातात ड जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळांत आढळते. कारण उन्हापासून आपण पळतोच. उन्हाळ्यात १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं, आणि ते योग्यच आहे. बाकी वेळ पूर्ण बाह्यांचा कव्हरऑल किंवा एसी खोली. हाड मोडलं असेल तर रक्तातलं हे प्रमाण आणि साखर, दोन्ही तपासायला सांगावं. मधुमेह वाढलेला असेल तर जखम आणि हाड दोन्ही रेंगाळतात. खाण्यात प्रथिनं हवीत. पायाचं सूप प्या हवं तर, पण डाळ, अंडी, दूध, मासे रोज पोटात गेले पाहिजेत. मेसच्या नुसत्या भातावर हाड बनत नाही.

हाडवैद्यांबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो. जखम उघडी असेल, आत रॉड किंवा बाहेर रिंग असेल, तर वरून घट्ट पट्टी बांधणं, मालिश करणं, झाडपाल्याचा लेप लावणं यात पाय गमावायची वेळ येऊ शकते. तिथे श्रद्धेची परीक्षा नको.

आता कागदांचं. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यानुसार कामावर झालेल्या दुखापतीचा उपचार मालकाच्या खर्चाने व्हायला हवा. उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार आणि उपचार त्यापुढे गेले तर नंतर अर्धा. घरकाम करणाऱ्यांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. पण अडचण अशी की जबर मोडलेलं हाड सहा महिन्यांत बरेचदा जुळलेलं नसतं. मग पगार अर्धा होतो, घरून फोन येतात, आणि माणूस घाईने 'फिट' म्हणून कामावर जातो किंवा सगळं सोडून गावी निघतो. दोन्हीत पाय बिघडतो. माझ्या पाहण्यात जे पाय फसले, ते बहुतेक इथल्या शेवटच्या तपासणी आणि तिथल्या पहिल्या तपासणीच्या मधल्या काळात.

म्हणून गावी जायचं ठरलंच तर काही गोष्टी हातात घेऊनच निघा. ऑपरेशनची नोंद असलेला डिस्चार्जचा कागद, आत बसवलेल्या रॉड-प्लेटची कंपनी आणि माप, सगळे एक्स-रे सीडीवर, जखमेतले जंतू तपासल्याचा आणि कोणतं अँटिबायोटिक दिलं त्याचा रिपोर्ट. रॉडचं माप नसेल तर पुढच्या डॉक्टरला तो काढायला योग्य अवजार मिळत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. कामावरच्या अपघाताच्या नोंदीची प्रत जवळ ठेवा. तिकीट काढायच्या आधी गावाजवळच्या कुठल्या डॉक्टरकडे, कोणत्या तारखेला जायचं ते ठरवा. पैशाची किंवा कागदांची अडचण असेल तर भारतीय दूतावासाच्या छत्राखाली चालणारं आयसीबीएफ आणि आपलं महाराष्ट्र मंडळ आहे. विचारायला लाजू नका.

आणि गावाकडच्या मंडळींना एक विनंती. "कधी चालणार, कधी पैसे पाठवणार" हा प्रश्न दर फोनला नको. त्याऐवजी "या महिन्याच्या एक्स-रेत काय दिसलं?" असं विचारा. रजा, व्हिसा, पगार यांच्या तारखा माणसांनी ठरवलेल्या असतात, त्या बोलून, अर्ज करून थोड्या पुढेमागे करता येतात. हाड मात्र दिवसाला एक मिलिमीटरनेच चालतं. त्याच्यासोबत चालण्याइतका धीर घरातल्या प्रत्येकाने ठेवला तर पुढे ते पाय पुन्हा घर चालवतात. सर्वांनी जपून काम करा आणि हार्नेस घातल्याशिवाय परांचीवर चढू नका.